अतिनवताऱ्यांच्या मागावर

अब्जावधी ताऱ्यांच्या एका दीर्घिकेत साधारणपणे शंभर वर्षांत एखाददुसराच तारा स्फोट होऊन संपतो. मात्र तो फुटतो तेव्हा त्या एकट्या ताऱ्याचे तेज काही आठवडे साऱ्या दीर्घिकेच्या तेजाशी स्पर्धा करू शकते. अशा ताऱ्याला अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. आपल्या आकाशगंगेतील जो अतिनवतारा माणसाने डोळ्यांनी पाहिल्याची शेवटची निर्विवाद नोंद आहे, तो १६०४ साली भुजंगधारी तारकासमूहात दिसला होता, म्हणजे दुर्बिणीचा वापर आकाशाकडे होऊ लागण्यापूर्वी काही वर्षे. एकाच दीर्घिकेवर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकाला जन्मभर थांबूनही काहीच दिसणार नाही, हे यावरून उघड आहे. पण हजार दीर्घिका आळीपाळीने पाहिल्या तर वर्षाकाठी दहाएक स्फोट हाती लागण्यास हरकत नसते. अतिनवताऱ्यांच्या शोधाचा सारा उद्योग या सोप्या गणितावर उभा आहे. त्यातील खरी अडचण वेगळीच आहे. एखादा प्रकाशबिंदू नवा आहे हे ओळखायचे, तर त्या जागी आधी काय होते हे पक्के ठाऊक असावे लागते.

तारा फुटण्याचे मुख्य मार्ग दोन. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम, हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन अशी पुढची पुढची मूलद्रव्ये बनत जातात व शेवटी लोह साचते. लोहाच्या अणुकेंद्रांचे संमीलन होऊन ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला तोलून धरण्याची गाभ्याची क्षमता संपते, तो एका सेकंदाच्या आत कोसळतो, त्यातून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनते आणि वरचे थर अवकाशात उधळले जातात. दुसरा मार्ग श्वेत बटूचा. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपल्यावर जो पृथ्वीएवढा, अतिशय घन अवशेष उरतो त्याला श्वेत बटू म्हणतात, आणि त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३०च्या सुमारास दाखवून दिले. जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून घेत किंवा दुसऱ्या श्वेत बटूत विलीन होऊन असा तारा पेटला, तर तो समूळ उडून जातो. या दुसऱ्या मार्गाने होणाऱ्या स्फोटांचे कमाल तेज अगदी सारखे नसले तरी हिशेबाने सारखे करून घेता येते, म्हणून त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजता येतात. विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेगावत आहे हा १९९८ सालचा अनपेक्षित निष्कर्ष याच मोजणीतून निघाला आणि त्याला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या काळी आकाशात काय नवे आले याची नोंद सर्वांत चिकाटीने ठेवली ती चीनच्या राजदरबारांनी. राजज्योतिषी अशा ताऱ्याला पाहुणा तारा म्हणत, आणि त्याच्या येण्याचा राज्यकारभाराशी संबंध जोडला जात असल्यामुळे तो कधी आला, कोठे दिसला, कधी मावळला हे लिहून ठेवणे हे त्यांचे नोकरीचे काम होते. ४ जुलै १०५४ रोजी वृषभ राशीत असा पाहुणा प्रकटला. तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्रीच्या आकाशातून पुरता नाहीसा होण्यास दोन वर्षांच्या आसपास काळ लागला. त्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात या घटनेचा माग काढण्याचा प्रयत्न केला होता, परंतु निर्णायक म्हणता येईल अशी नोंद त्यांच्या हाती लागली नाही. तारा दिवसा दिसत होता तो काळ ऐन पावसाळ्याचा होता हे त्याचे एक कारण सुचते. पण पावसाळा काही दोन वर्षे टिकत नाही, तेव्हा केवळ ढगांवर हवाला ठेवून हा प्रश्न सुटत नाही. आकाशातील बदलाची तारीखवार नोंद ठेवणारी यंत्रणा असणे आणि ग्रहगणित उत्तम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यावरून दिसते.

युरोपात टायको ब्राहे या डॅनिश खगोलविदाने नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात शुक्राइतका तेजस्वी तारा पाहिला. त्याला तो तत्काळ खटकला, कारण त्या भागातील तारे त्याला लहानपणापासून पाठ होते. शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे कोन टायकोने पुनःपुन्हा मोजले, त्यात काहीही फरक पडत नाही असे दाखवले आणि त्यावरून तो चंद्राच्या खूप पलीकडे असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. ताऱ्यांच्या मंडलात कधी काही बदलत नाही, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत त्यामुळे डळमळली.

पद्धतशीर शोधाची सुरुवात मात्र विसाव्या शतकातली. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये अतिनवतारा ही साध्या नवताऱ्याहून सर्वस्वी निराळी घटना आहे आणि तिच्यामागे न्यूट्रॉन तारा उरत असावा, असे मांडले. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. झ्विकी हे भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ, पण या बाबतीत त्यांनी नुसते बोलून दाखवले नाही. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर आकाशाचा मोठा तुकडा एकाच वेळी टिपणारी ४६ सेंटिमीटरची दुर्बीण त्यांनी १९३६ मध्ये सुरू करवून घेतली, त्याच त्या दीर्घिकांची छायाचित्रे काही दिवसांच्या अंतराने घेतली आणि छायाचित्राची जुनी व नवी काच आळीपाळीने पाहून फरक शोधला. आयुष्यभरात त्यांनी अशा रीतीने शंभराहून अधिक अतिनवतारे शोधले. मधल्या काळात, १९४१ मध्ये, रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात, हायड्रोजनच्या रेषा आहेत की नाहीत यावरून या स्फोटांच्या दोन जाती केल्या, आणि हे वर्गीकरण पोटभेदांसह आजही चालते.

छायाचित्रांचीही मदत न घेता, केवळ डोळा आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर हे काम किती दूर नेता येते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट इव्हान्स हे आहेत. न्यू साउथ वेल्समधील या धर्मोपदेशकाने शेकडो दीर्घिकांची रूपे आणि त्यांच्या भोवतालच्या, आपल्याच आकाशगंगेतील ताऱ्यांच्या मांडण्या अशा पाठ केल्या होत्या, की दुर्बिणीत दीर्घिका आल्यावर काही सेकंदांत तिच्यात एखादा बिंदू जास्त आहे की नाही हे त्यांना कळे. नकाशा उघडावा लागत नसल्यामुळे एका निरभ्र रात्रीत त्यांच्या एवढ्या दीर्घिका पाहून होत, की त्या काळच्या स्वयंचलित दुर्बिणींनाही ते भारी पडत. १९८१ मध्ये त्यांना पहिले यश मिळाले, तेही २५ सेंटिमीटरच्या साध्या दुर्बिणीतून, आणि पुढच्या काही दशकांत निव्वळ डोळ्यांनी शोधलेल्या त्यांच्या अतिनवताऱ्यांची संख्या चाळिसाच्या वर गेली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा हा विक्रम आता कोणी मोडण्याची शक्यता नाही, कारण त्यासाठी लागणारी तपश्चर्या करण्याचे कारणच उरलेले नाही.

तरीही या क्षेत्रातील सर्वांत उद्बोधक रात्र कोणती, तर ती २३ फेब्रुवारी १९८७ ची म्हणावी लागेल. चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी मोठ्या मॅजेलॅनिक मेघाचे छायाचित्र घेतले. हा मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेची सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवरची उपदीर्घिका, महाराष्ट्रातून क्षितिजाच्या जेमतेम वर येणारी आणि म्हणून व्यवहारात न दिसणारी. काच धुतल्यावर तीत जो ठळक तारा दिसला तो खरा आहे की काचेतील दोष, हे ठरवण्यासाठी शेल्टन बाहेर आले आणि त्यांनी वर पाहिले. त्याच वेधशाळेतील ऑस्कर दुहाल्दे यांनी तो काही वेळापूर्वी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला होता; न्यूझीलंडमध्ये अल्बर्ट जोन्स या हौशी निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे हेरला. पुढे जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघ येथील जमिनीखालच्या उपकरणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांत मिळून अवघे पंचवीसच्या आसपास न्यूट्रिनो सापडले. न्यूट्रिनो हे पदार्थातून जवळपास बिनअडथळा पार होणारे कण. गाभा कोसळताना ते तत्क्षणी बाहेर पडतात, तर स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचून प्रकाश दिसू लागण्यास आणखी काही काळ जातो.

तो काळ नेमका किती, हे ठरवताना ज्या नोंदीचा मोठा उपयोग झाला ती न दिसलेल्या ताऱ्याची होती. न्यूट्रिनो येऊन गेल्यावर दोन तासांच्या आतच जोन्स यांनी नेहमीच्या कामासाठी मेघाच्या त्याच भागाकडे दुर्बीण वळवली होती आणि तेथे त्यांना काहीही वेगळे दिसले नव्हते. त्यानंतर सव्वा तासाच्या आसपास ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी घेतलेल्या छायाचित्रात मात्र तारा उजळलेला आहे. म्हणजे प्रकाश या दोन क्षणांच्या दरम्यान निरीक्षणात येण्याजोगा झाला. जोन्स यांना तेव्हा तारा दिसला असता तर प्रकाश त्याआधीच आल्याचे ठरले असते, आणि त्यांनी पाहिलेच नसते तर काहीच ठरले नसते. जागा, वेळ आणि दिसू शकणाऱ्या मंदात मंद ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, नोंदवलेली असेल, तर अभाव हाही पुरावा ठरतो.

आजच्या यंत्रणा याच तत्त्वावर चालतात, फक्त पाठांतराची जागा वजाबाकीने घेतली आहे. आकाशाच्या एखाद्या तुकड्याची अनेक चांगली चित्रे एकत्र करून एक संदर्भचित्र तयार ठेवतात. आज रात्री घेतलेले चित्र त्याच्याशी जुळवून घेऊन त्यातून ते वजा करतात, आणि जे बदललेले नाही ते सारे पुसले जाऊन बदललेले तेवढे उरते. ऐकायला सोपी वाटणारी ही क्रिया प्रत्यक्षात बरीच त्रासदायक आहे, कारण हवेतील चलबिचल दर रात्री निराळी असते आणि ताऱ्याचा ठिपका कधी बारीक तर कधी पसरट उमटतो. दोन्ही चित्रांतले ठिपके आधी सारखे करून घेतले नाहीत तर प्रत्येक ताऱ्याभोवती वजाबाकीचा गाळ राहतो. शिवाय उरलेल्या बिंदूंत लघुग्रह असतात, रूपविकारी म्हणजे तेज बदलणारे तारे असतात, वैश्विक किरणांचे डाग असतात. खऱ्याखोट्याची पहिली चाळणी आता संगणकालाच शिकवलेली असते, आणि हलणारा लघुग्रह वगळण्यासाठी त्याच जागेचे दुसरे चित्र थोड्या वेळाने घेतात. एवढे करूनही फसगत होतेच. मार्च २०१८ मध्ये केप टाउनच्या एका खगोलशास्त्रज्ञाने धनू राशीत एक अतितेजस्वी नवा बिंदू दिसत असल्याची सूचना जगभर पाठवली आणि थोड्याच वेळात तो मंगळ असल्याचे सांगून ती मागे घेतली. हे प्रकरण सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेले आणि मंगळाच्या शोधाबद्दल त्यांना प्रमाणपत्रही देऊन टाकले.

झ्विकींच्या पालोमारवरच आज झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी हे सर्वेक्षण चालते. तेथील १.२ मीटरच्या जुन्या दुर्बिणीला बसवलेला कॅमेरा एका दमात आकाशाचे ४७ चौरस अंश, म्हणजे दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे क्षेत्र टिपतो. हे सर्वेक्षण आणि त्याच्या आधीचे पालोमार ट्रान्झिएंट फॅक्टरी यांची उभारणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, ते श्रीनिवास कुलकर्णी जन्माने कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. त्यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. अशा सर्वेक्षणांमुळे नवे बिंदू सापडण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे वीस हजारांवर गेले आहे, आणि त्यांतील साधारण दहांतून एकाचाच वर्णपट घेणे जमते. बाकीचे कोणत्या जातीचे होते, कशाने उजळले, हे कळण्याआधीच ते विझून जातात. तेव्हा आजचा तुटवडा शोधांचा नाही, पाठपुराव्याचा आहे, आणि शोधांच्या संख्येचे कौतुक करताना ही गोष्ट नेहमी विसरली जाते.

पाठपुराव्यात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. स्फोटापूर्वी ताऱ्याने भोवती किती वायू टाकला होता, त्याचा आकार किती होता, याच्या खुणा पहिल्या एकदोन दिवसांत वर्णपटात उमटतात व पुसल्याही जातात. २० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोझारिओ येथे व्हिक्टर बुसो या कुलुपे बनवणाऱ्या हौशी निरीक्षकाने नवा कॅमेरा पारखून पाहण्यासाठी एनजीसी ६१३ या दीर्घिकेची एकामागून एक लहान लहान छायाचित्रे घेतली. आधीच्या चित्रांत जेथे काही नव्हते तेथे नंतरच्या चित्रांत एक बिंदू उजळत गेला. धक्का ताऱ्याचा पृष्ठभाग फोडून बाहेर पडण्याचा क्षण साध्या प्रकाशात असा टिपला जाणे हा निव्वळ योगायोग होता, आणि त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. १९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांनी सप्तर्षीच्या शेपटीजवळील एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर, एक अतिनवतारा शोधला. त्याची बातमी पसरताच अनेक देशांतील हौशी छायाचित्रकारांनी आपली आदल्या रात्रीची चित्रे उघडून पाहिली आणि काहींच्या चित्रांत तो शोधाच्या कित्येक तास आधीच उमटलेला निघाला.

या घाईत भारताचे रेखांश उपयोगी पडतात. हवाई आणि कॅलिफोर्नियात उजाडले की तेथील दुर्बिणी बंद होतात, आणि काही तासांत लडाखमध्ये रात्र होते. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, ग्रोथ-इंडिया नावाची ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ मध्ये सुरू केली. सूचना आली की ती माणसाची वाट न पाहता त्या दिशेला वळू शकते. पश्चिम महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने दुर्बिणी झाकून ठेवाव्या लागतात, त्या काळात हिमालयाच्या पलीकडील हानलेला बऱ्याच रात्री निरभ्र मिळतात. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, स्फोटाची लाट भोवतालच्या वायूवर आदळून निघणाऱ्या रेडिओ लहरी टिपते, आणि त्यासाठी तिला ढगांची किंवा दिवसाची अडचण नसते.

पाळत ठेवणाऱ्यांच्या जाळ्यात कधीकधी असे काही येते की ते कोठल्याच यादीत बसत नाही. जून २०१८ मध्ये हवाईतील ॲटलास दुर्बिणींना सुमारे २० कोटी प्रकाशवर्षांवर एक स्फोट दिसला, जो नेहमीच्या अतिनवताऱ्याहून किती तरी लवकर उजळला आणि तितक्याच लवकर ओसरला. नामकरणाच्या ठरलेल्या क्रमात त्याच्या वाट्याला सीओडब्ल्यू ही तीन अक्षरे आली, त्यामुळे सारे जग त्याला काऊ म्हणू लागले. कृष्णविवराचा जन्म की कृष्णविवराने फाडलेला तारा, यावर अजून एकमत नाही; खोडदनेही त्याची निरीक्षणे घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, १७ ऑगस्ट २०१७ रोजी, लायगो आणि व्हर्गो या उपकरणांनी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले आणि अर्ध्या दिवसात त्या जागेचा दृश्य प्रकाशही एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत सापडला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींतही घडतात याचा तो पहिला भक्कम पुरावा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ नियोजित असलेली लायगो-इंडिया उभी राहिल्यावर अशा लहरींची दिशा बरीच अचूक सांगता येईल, आणि दुर्बिणींना धुंडाळावे लागणारे आकाश तेवढे कमी होईल.

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे जाहीर केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुनःपुन्हा टिपायचे, असा तिचा बेत आहे, आणि बदलांच्या सूचना एका रात्रीत लाखोंच्या घरात, कदाचित कोटीपर्यंत, जातील असा अंदाज आहे. पण याच सामर्थ्यामुळे तिच्या कॅमेऱ्याला सोळाव्या प्रतीच्या आसपासचे आणि त्याहून तेजस्वी तारे झेपत नाहीत. त्यांच्या प्रकाशाने तो भरून जातो. आकाशगंगेतच एखादा तारा फुटला, आणि मध्ये धुळीचा पडदा नसला, तर तो बहुधा तिच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पटींनी तेजस्वी असेल. तो कोणता असेल हे सांगता येत नाही. मृगातील काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या आरंभी असा मंदावला की तो आता फुटणार अशा वावड्या उठल्या. कारण निघाले ते ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ, आणि त्याचा स्फोट होण्यास अजून एक लाख वर्षेही लागू शकतील. खरा स्फोट होईल तेव्हा न्यूट्रिनोशोधक यंत्रांच्या जाळ्याकडून सूचना आधी येईल, ते जाळे २००५ पासून त्यासाठी सज्ज आहे. प्रकाश नंतर येईल, आणि त्याचे पहिले तास टिपण्याचे काम प्रामुख्याने लहान दुर्बिणींवर, साध्या कॅमेऱ्यांवर आणि डोळ्यांवर पडेल. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या हौशी मंडळांतील निरीक्षकांनी आणि घराच्या गच्चीवरून आकाश पाहणाऱ्यांनी म्हणून तारकासमूह नकाशाशिवाय ओळखता येतील इतके परिचित करून घ्यावेत, आणि प्रत्येक निरीक्षणाची जागा व वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवावी, काहीही नवे दिसले नसले तरी.